मलबार हिलची वाट कोणासाठी?

मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानामागे महापालिकेने झाडांमधून ४८५ मीटरची उंच लाकडी वाट बांधली. मार्च २०२५ मध्ये ती खुली झाली. चांगले काम झाले, यात वाद नाही. आमचा सवाल तिकिटाचा आहे. माणशी २५ रुपये, तेही ऑनलाइन नोंदणी करून! लालबाग-परळच्या चाळीतून चार जाणती माणसे निघाली, तर बसभाडे सोडून शंभराची नोट गेली. शेजारच्या उद्यानात फुकट फिरता येते, मग झाडांच्या सावलीतून चालायलाच दाम कशाला? पैसा पालिकेचा, म्हणजे आमचाच. गिरण्यांच्या जमिनीतून मोकळी मैदाने मिळतील, अशी कामगारवस्तीला आशा होती. २००१ च्या नियमबदलाने तो वाटा आक्रसला, तिथे टॉवर उठले. परदेशी पाहुण्यांकडून पालिकेने खुशाल शंभर घ्यावेत. गिरगाव-परळच्या माणसाला निदान रविवारी तरी ही वाट फुकट हवी.