बहुपदींच्या वजाबाकीत चिन्ह का चुकते?

बहुपदींची बेरीज मुलांना सहसा जमते. घोडे अडते ते वजाबाकीत. (५क्ष + ७) मधून (३क्ष − २) वजा करायला सांगितले की अनेक वह्यांत २क्ष + ५ हे उत्तर दिसते. बरोबर उत्तर आहे २क्ष + ९. कंसातल्या पहिल्या पदाचे चिन्ह बदलले, दुसऱ्याचे तसेच राहिले. यावर ‘धांदरटपणा’ असा शेरा मारून मोकळे होता येते. पण निरनिराळी मुले तीच चूक त्याच जागी करत असतील, तर दोष धांदलीचा नाही, शिकवण्याचा आहे. वजाचा कंस सोडताना आतली चिन्हे बदलायची हे आपण घोकून घेतो. ती का बदलायची हे सांगायचे राहून जाते.

सजातीय पदे शिकवताना ‘पाच आंबे आणि तीन काजू एकत्र होतील का?’ हा दाखला सर्रास दिला जातो. तो सोयीचा, पण फसवा आहे. त्यामुळे क्ष म्हणजे वस्तू असे मनात बसते आणि क्ष ही संख्या आहे हे बाजूला पडते. आंब्याचाच दाखला हवा तर पेटीचा घ्यावा. विजयदुर्ग आणि गगनबावड्याकडचे रस्ते जिथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतात, त्या तळेऱ्यातल्या मुलांना हापूसची पेटी समजावून सांगावी लागणार नाही. पेटीत किती आंबे बसतील हे फळाच्या आकारावर ठरते. ती संख्या क्ष. एकाच प्रतीच्या ५ पेट्या आणि ७ सुटे आंबे आहेत. गिऱ्हाइकाने ३ पेट्या उचलल्या, त्यातले २ आंबे परत ठेवले. गेले ३क्ष − २. उरल्या २ पेट्या आणि ९ सुटे आंबे. वजा २ चे अधिक २ कसे झाले, हे नियम न घोकताही कळते.

पेटी क्ष² पर्यंत पोचत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तिथे स्थानिक किंमत कामी येते. ३०५ म्हणजे ३ शतक, ० दशक, ५ एकक. दहाच्या जागी क्ष ठेवला की ३क्ष² + ०क्ष + ५. यातले सहगुणक क्रमाने (३, ०, ५) असे लिहिले की नववीतले सहगुणक रूप मिळते. उभ्या मांडणीत शतकाखाली शतक लिहितो तसे क्ष² खाली क्ष² येते. हातचा मात्र नाही, कारण क्ष किती हे ठाऊक नाही. समान जातीच्या राशी मिळवाव्या, भिन्न जातीच्या वेगळ्या ठेवाव्या, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात सांगून ठेवले आहे.

अभ्यासक्रम संपवायचा असताना इतका वेळ कुठून आणायचा, असे शिक्षक विचारतील. पण दहावीत दोन समीकरणांची वजाबाकी करून एक चल घालवताना हेच चिन्ह पुन्हा आडवे येते आणि तेव्हा उजळणीला जास्त तासिका जातात. शिवाय पडताळ्याला अर्धे मिनिट पुरते. क्ष = २ घेतल्यास १७ − ४ = १३; २क्ष + ९ ची किंमतही १३, चुकीच्या उत्तराची मात्र ९. क्ष = १ घेऊ नये, त्यात घातांकाची चूक लपते. घटक चाचणीत या पडताळ्याला एक गुण ठेवला, तर मुले तो करतील आणि शिक्षकही शिकवतील.