विदूषक माशाची ओळख

चार-पाच वर्षांच्या मुलाला प्राण्यांची माहिती द्यावयाची म्हणजे नावे पाठ करून घ्यावयाची, असा समज अद्याप पुष्कळ घरांत आढळतो. माशाला कल्ले असतात, पर असतात, हे मूल घडाघडा म्हणते. पण ते कशासाठी, असे विचारताच गप्प बसते. म्हणून या वेळी आपण एकच मासा घेऊ. तो म्हणजे नारिंगी अंगाचा विदूषक मासा, अर्थात क्लाउनफिश. २००३ सालच्या ‘फाइंडिंग नेमो’ या चित्रपटामुळे तो मुलांच्या परिचयाचा झाला आहे. आपल्याकडे अंदमान-निकोबार व लक्षद्वीप येथील प्रवाळांत त्याच्या जातभाईंची वस्ती आहे.

प्रथम चित्र समोर ठेवा आणि पांढरे पट्टे मुलालाच मोजू द्या. एक डोळ्यामागे, दुसरा अंगाच्या मध्यावर, तिसरा शेपटीच्या मुळाशी. या माशांच्या सुमारे ३० जाती आहेत आणि सर्वांना तीन पट्टे नसतात. ही मोजणी निव्वळ खेळ नव्हे. ओकिनावा येथील संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिले की, तीन पट्ट्यांचा हा मासा आपल्यासारखेच तीन पट्टे असलेल्या आगंतुकावर अधिक त्वेषाने धावून जातो.

मग शेपटीकडे वळा. घरी मासळी येत असेल, तर बांगड्याची शेपटी दाखवा; नसेल, तर चित्र काढा. बांगड्याची शेपटी दुभंगलेली, दूरच्या प्रवासाला योग्य. विदूषक माशाची गोलसर, कारण त्याला घर सोडून लांब जावयाचे नसते. छातीच्या दोन्ही बाजूंचे पर वल्ह्यांसारखे हलतात. नर मासा त्याच परांनी अंड्यांना वारा घालावा तसे पाणी घालतो. मुलाने आपले तळहात हलवून हे करून पाहावे. कल्ल्यांविषयी एवढेच सांगा की, आपण नाकाने हवा घेतो, तसा मासा तोंडात पाणी घेतो व कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. वाटेत त्यातील प्राणवायू त्याला मिळतो.

शेवटी त्वचा. हा मासा समुद्रफुलाच्या विषारी बाहूंमध्ये राहतो. इतर लहान मासे तेथे गेले तर दंशाने मरतात. याच्या अंगावर बुळबुळीत द्रवाचा थर असतो, तो त्याचे रक्षण करतो. समुद्रफूल त्याला आसरा देते, तो समुद्रफुलाच्या शत्रूंना हुसकावतो.

येथे मूल बहुधा म्हणेल, ‘मला हा मासा घरी आणून द्या.’ हट्ट म्हणून ते झिडकारू नका; आतापर्यंतच्या धड्याची खरी परीक्षा हीच आहे. त्यालाच विचारा, ‘या गोल शेपटीच्या माशाचे घर हरवले, तर तो किती दूर जाऊ शकेल?’ हा प्रश्न काल्पनिक नाही. पाणी फार तापले की प्रवाळांप्रमाणे समुद्रफुलेही पांढरी पडतात. २०२४ साली लक्षद्वीपचे प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणावर फिके पडले होते. मुलाला भीती घालू नये, पण उत्तर शोधू द्यावे. ज्याने शेपटीचा आकार स्वतः पाहिला आहे, त्याला काचेच्या पेटीपेक्षा समुद्रफूलच त्या माशाचे घर का, हे आपण सांगण्यापूर्वी उमगेल.