होमोसिस्टीनचा आंकडा आणि घरचें दूध

रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल ह्यांच्याविषयीं आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. अलीकडे तपासणीच्या कागदावर होमोसिस्टीन हें आणखी एक नांव दिसूं लागलें आहे, आणि त्याचा आंकडा चढलेला पाहून वडील मंडळी धास्तावतात. ही धास्ती कितपत साधार आहे, तें पाहणें अवश्य आहे.

प्रथिनांतून मिळणाऱ्या मेथिओनिन ह्या अमिनो आम्लापासून शरीरांत होमोसिस्टीन निर्माण होतें. तें सांचूं नये म्हणून शरीर त्याचें पुन्हा मेथिओनिन बनवितें. ह्या कामीं फोलेट व ब-१२ हीं दोन जीवनसत्त्वें लागतात. पैकीं फोलेटच्या शोधाचा आरंभ मुंबईंत झाला, ही गोष्ट आम्हांस विशेष कौतुकाची वाटते. तेथील गिरणीकामगार गरोदर स्त्रियांचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, असें ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषीनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. ब-१२ च्या गाभ्यांत तर कोबाल्ट धातूचा अणु असतो. ह्या धातूचा आपल्या जेवणाशीं कांहीं संबंध असेल असें कोणाच्या स्वप्नींहि येणार नाहीं. पण त्याच्या लेशावांचून हें चक्र अडतें.

बोस्टन येथील किल्मर मॅकली ह्या विकृतिशास्त्रज्ञांनीं दोन मुलांच्या रक्तवाहिन्या अभ्यासिल्या. एक आठ वर्षांचा मुलगा, १९३३ सालीं पक्षाघातानें दगावलेला. दुसरें अवघें दोन महिन्यांचें अर्भक. दोघांचे जन्मदोष निरनिराळे, परंतु परिणाम एकच : होमोसिस्टीन सांचणें, आणि रक्तवाहिन्या मात्र वृद्धाप्रमाणें कठीण झालेल्या. हें आम्लच रक्तवाहिन्यांस जाचत असावें, असें अनुमान त्यांनीं १९६९ सालीं मांडलें. पुढें सामान्य लोकांतहि, ज्यांचा आंकडा चढा त्यांस हृद्रोग व पक्षाघात अधिक, असें आढळलें. मग उपाय सोपा वाटला : जीवनसत्त्वें द्यावीं, आंकडा उतरवावा, रोग टळेल!

तसें झालें नाहीं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रोग्यांवर नॉर्वेंत झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. फोलिक आम्ल व ब-१२ घेणाऱ्यांचा आंकडा शेंकडा २७ नीं उतरला. झटके मात्र कमी झाले नाहींत. चीनमध्यें २० हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रोग्यांस नेहमींच्या औषधाबरोबर फोलिक आम्ल दिलें, तेव्हां पहिल्या पक्षाघाताचें प्रमाण शेंकडा ३.४ ऐवजीं २.७ राहिलें, हें २०१५ सालचें. म्हणजे पक्षाघातापुरता थोडा लाभ संभवतो. हृदयासाठीं त्यावर भिस्त ठेवूं नये. पर्वतावर धूर दिसतां अग्नीचें अनुमान करावें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु धूर हाकलल्यानें अग्नि विझत नाहीं.

तर मग हा कागद फेकून द्यावा काय? मुळींच नाहीं, आपल्या शाकाहारी घरांनीं तर नाहींच. पुण्यांतील व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी डॉ. चित्तरंजन याज्ञिक प्रभृतींनीं २००६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांत शेंकडा ६७ जणांच्या रक्तांत ब-१२ कमी निघालें. शहरी मध्यमवर्गांत तर शेंकडा ८१. हें जीवनसत्त्व केवळ सूक्ष्मजंतु बनवितात. डाळी, धान्यें व भाज्या ह्यांत तें नसतें. आपला आधार दुधादह्याचाच. शंभर मिलिलिटर दुधांत तें अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आंतबाहेर असतें, आणि गरज दिवसास दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. चहांतील दोन चमचे दुधानें ती कशी भागावी? तशांत कित्येक घरांत दुधाचा पेला अजूनहि मुलांस व पुरुषांस मिळतो, आणि सुनेच्या वाट्यास तो चहाच येतो. गरोदर सुनेच्या बाबतींत तर हा केवळ अन्याय नव्हे, होणाऱ्या बालकाचेंहि नुकसान आहे.

ब-१२ च्या उणीवेनें हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होतें. आणि घरचीं माणसें ‘वय झालें’ म्हणून स्वस्थ बसतात. वृद्धांस अन्नांतील ब-१२ नीट शोषतां येत नाहीं. मधुमेहासाठीं वर्षानुवर्षें मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतहि तें घटतें. अशांनीं होमोसिस्टीनपेक्षां ब-१२ चीच तपासणी आधीं करवावी आणि वैद्यांच्या सल्ल्यानें गोळी किंवा इंजेक्शन घ्यावें. केवळ फोलिक आम्लाची गोळी मात्र आपल्या मनानें सुरू करूं नये : तिनें पांडुता ओसरते, रक्त सुधारलेलें दिसतें, आणि मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते.