कुलपातली आगगाडी

अवसरी बुद्रुकला रेल्वे नाही. पण एखाद्या घरच्या माळ्यावर खेळण्यातली आगगाडी असू शकेल. वर्षानुवर्षे जपलेली अशी गाडी रुळांवर ठेवली, तर पुष्कळदा ती हलतच नाही. मग ‘मोटार जळली’ म्हणून तिला भंगारात काढतात. ही घाई चुकीची आहे.

मोटार बहुधा शाबूत असते. आसाजवळचे तेल वाळून गोंदासारखे चिकट झालेले असते. पितळी रुळांवर ऑक्साइडचा थर चढतो. त्यातून वीज नीट वाहत नाही. आत राहिलेले सेल पाझरून पत्र्याच्या पट्ट्या गंजवतात.

विद्यार्थी मित्रांनो, आधी चाके हाताने फिरवून पाहा. चिकट तेल पुसून काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. रूळ खोडरबराने घासा. वीज सर्वांत शेवटी, तीही मोठ्या माणसांसमोर.

एक दुखणे मात्र असाध्य आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश जास्त राहिला असेल, तर ओतीव भाग आतून तडकत जातात. दमट हवेत अधिक लवकर. तेथे नवा भागच बसवावा लागतो.

पुण्यात कोथरूडला बी. एस. जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे गाड्या नुसत्या मांडलेल्या नाहीत, त्या धावतात.

वस्तू जपणे म्हणजे ती वापरणे, पुसणे, दुरुस्त करणे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कुलूपबंद कपाटालाही हाच नियम लागू आहे. त्याची किल्ली गुरुजींकडे जरूर मागा!