वाचकाला काय हवे असते
तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात वाचक निष्कर्षापेक्षा युक्तिवाद पाहतो. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले, १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ त्यांचे मत न पटणारेही वाचतात, ते त्यासाठीच. विज्ञानाच्या इतिहासात शोधाइतक्याच शोधकाच्या चुका, हट्ट आणि भांडणे रंगतात. अच्युत गोडबोले यांचे ‘किमयागार’ लोकप्रिय झाले ते यामुळे. कथेची कसोटी वेगळी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली (आद्याक्षरे आपलीच, फक्त उलटी!) आणि पहिले बक्षीस मिळाले ते नावाला नव्हे, कथेला. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या वाचकाला सापेक्षतेचे गणित येण्याची गरज नाही. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो, म्हणजे माणसांच्या वयाचे काय होते, एवढे कथेतून कळले की पुरे.