जुनेपणाचा धंदा
गोव्याच्या किनाऱ्यावर हल्ली जुनाट दिसणारे नवेकोरे पब निघालेत. अझुलेजोच्या फरश्या, कोपऱ्यात ग्रामोफोन, कॉकटेलात फेणी. हौस म्हणून ठीक. पण याला वारसा म्हणू नका. वारसा म्हणजे गावातली तावेर्न, जिथे रापणकार आणि कारकून एकाच बाकावर बसून मार्च-एप्रिलात उर्राक घेत. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने फेणीला वारसापेय ठरवलं. मान बाटलीला मिळाला. बोंडू तुडवून भट्टी लावणाऱ्याला काय मिळालं? ज्या पबात त्याला एक पेला परवडणार नाही, तिथे त्याचं तांब्याचं भांडं शोभेला मांडणं ही आठवण नव्हे, मालक बेदखल करून केलेली घरसजावट आहे.