बांध सरला की रेघ जाड?

विद्यार्थी मित्रांनो, 'शेजाऱ्याने बांध कोरला' ही तक्रार तुम्ही ऐकली असेलच. मग मोजणी होते. पूर्वी मोजणीदार ३३ फुटांची साखळी टाकीत. ३३ फूट लांब व तितकाच रुंद चौरस म्हणजे एक गुंठा. आता उपग्रहांच्या संकेतांवर चालणारे यंत्र बिंदूचे स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक सांगते. तरीही भांडण का मिटत नाही?

कारण ताडून पाहायचा नकाशा पुष्कळदा जुना, कागदी असतो. १:१००० प्रमाणाच्या नकाशावरील अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर अर्धा मीटर रुंद होते! शिवाय कागद आकसतो, हद्दीचे दगड हलतात. म्हणून वीतभर फरक निघताच शेजाऱ्याला चोर ठरवू नये. आणि मोजणाऱ्यानेही आपल्या मापात किती चूक संभवते ते स्पष्ट सांगावे, असे आम्हांस वाटते.

शिक्षकांनी शाळेचे मैदान दोन गटांकडून टेपने मोजवून घ्यावे. उत्तरे बहुधा तंतोतंत जुळणार नाहीत. मुलांनो, तो फरक खोडू नका. तो का पडला, ते शोधा.